पिंगुळीचे पान : गोठ्यातील एका कलासंग्रहालयाविषयी

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा, वक्त्यांनी स्वतः लिहून दिलेला मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या मंगलप्रसंगी चार शब्द बोलण्याचे निमंत्रण मला मिळाले, तेव्हा प्रथम संकोचच वाटला. मी आपल्या धर्मशास्त्राचा अभ्यासक नव्हे. याच जिल्ह्यातील शाळांत तीस-बत्तीस वर्षे मुलांना चित्रकला शिकविली, एवढीच माझी पुंजी. विश्वस्तांनी मोकळेपणाने सांगितले, "गुरुजी, आपण कलासंग्रहालय या विषयावर बोला. आमच्या मुलांना मुंबईचे संग्रहालय ठाऊक आहे, पण आपल्या भागात काय आहे ते ठाऊक नाही." हे ऐकून मनाला बरे वाटले, आणि त्याच वेळी एक जुनी खूणगाठही उकलली. ती कोणती, हे पुढे ओघात येईलच.

आपल्या भागातील कलासंग्रहालय म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे सावंतवाडीचा राजवाडा उभा राहतो, आणि ते योग्यच आहे. परंतु मी आज आपणांस मालवणहून तासाभराच्या अंतरावर, कुडाळजवळच्या पिंगुळी गावी नेणार आहे. पिंगुळीला आपण राऊळ महाराजांच्या मठामुळे ओळखतो. त्याच गावात गुढीपूर नावाची ठाकर समाजाची वाडी आहे. तेथे 'ठाकर आदिवासी कला आंगण' या नावाचे एक लहानसे संग्रहालय आहे. श्री. परशुराम आत्माराम गंगावणे यांनी 2006 साली ही संस्था उभी केली आणि घराच्या गोठ्याचे संग्रहालय केले. होय, गोठ्याचेच. ज्या जागेत गुरे बांधली जात, तेथे भिंतींवर चित्रे लागली, दोऱ्यांना बाहुल्या टांगल्या गेल्या आणि कोनाड्यांत वाद्ये आली. 2021 साली भारत सरकारने त्यांना पद्मश्री देऊन गौरविले, तेव्हा वर्तमानपत्रांतून पिंगुळीचे नाव घरोघरी पोहोचले. तोपर्यंत जिल्ह्यातील किती जणांनी त्या गोठ्याचा उंबरठा ओलांडला होता, हा प्रश्न मी आपणांस विचारणार नाही, कारण उत्तर देताना मलाही मान खाली घालावी लागेल.

या संग्रहालयात मुख्यत्वे तीन प्रकारच्या वस्तू आहेत : कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या बाहुल्या आणि चित्रकथीच्या पोथ्या. शिवाय ठाकर समाजाच्या इतर लोककलांतील वाद्ये व साहित्य आहेच. बाहुल्या पाहून मुले हरखतात. मी मात्र आज बोलणार आहे ते प्रामुख्याने पोथ्यांविषयी.

पोथी हा शब्द ऐकून आपल्या मनात लिहिलेले पान येईल. चित्रकथीच्या पोथीत लेखन नसते, किंवा असलेच तर एखाद्या पात्राच्या नावापुरते. ती असते चित्रांची गड्डी. साधारण हातभर रुंदीचे जाड कागद, त्यांवर एकेका प्रसंगाचे चित्र, आणि एका कथेची अशी कित्येक चित्रे एका बासनात बांधलेली. कथा बहुतेक रामायण-महाभारतातील, तीही लोकपरंपरेने आपल्या परीने फुलविलेली. कथेकरी मध्ये बसतो, हाती वीणा, साथीला हुडुक आणि टाळ. तो एक चित्र श्रोत्यांपुढे उभे धरतो, त्यातील प्रसंग गातो, मध्येच गद्यात समजावतो, पात्रांच्या तोंडची भाषणे बोलतो आणि प्रसंग संपला की पान फिरवितो. पोथी उघडली की पहिली वंदना गणपतीला व सरस्वतीला, आणि त्यांचीही चित्रे असतात. पूर्वी सावंतवाडी संस्थानच्या आश्रयाने या मंडळींना गावोगावच्या देवळांत कथा लावण्याचे मान वाटून दिलेले होते. अमुक देवळात अमुक घराण्याने यावयाचे, हे ठरलेले असे.

आता एक बारीक गोष्ट सांगतो, ती कृपया ध्यानात ठेवावी, कारण आजच्या माझ्या बोलण्याचा सारा भार तिच्यावर आहे. ही चित्रे दोन-दोन करून पाठीला पाठ लावून चिकटविलेली असतात. म्हणजे एका पानाला दोन तोंडे. एक प्रसंग सांगून झाला की कथेकरी तेच पान उलटे करतो आणि मागच्या बाजूने पुढचा प्रसंग श्रोत्यांना सामोरा येतो. यात कागदाला कणखरपणा येतो हा व्यवहार झाला, पण त्यामुळे कथाही पानाला घट्ट बांधली जाते. पान सुटे केले तर दोन प्रसंग एकदमच जातात.

चित्रांच्या शैलीविषयी थोडेसे. रंग मोजके. गेरूचा तांबडा, पिवळा, निळा, काळा आणि हिरवा. माणसे बहुतेक एका बाजूने दिसणारी, डोळा मात्र समोरून पाहावा तसा मोठा आणि टपोरा. झाड म्हणजे पानांचा एक झुबका, नदी म्हणजे लाटांच्या चार रेघा. मागे डोंगर, आकाश असले काही नाही. कारण ही चित्रे समईच्या उजेडात, दहा-पंधरा हातांवरून पाहावयाची असतात. तेथे बारकाव्याचा उपयोग नाही, तेथे आकृतीचा ठसा हवा. मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगत असे की चित्र कोठून पाहावयाचे आहे हे चित्रकाराला ठाऊक असले, की निम्मे काम झाले.

या ठिकाणी आपणांपैकी काहींच्या मनात प्रश्न येईल की हे सारे ठीक, पण आमच्या संस्थेच्या महोत्सवात रामायणाच्या चित्रांचे काय प्रयोजन? प्रयोजन आहे, आणि ते माझ्या पदरचे नाही, आपल्याच ग्रंथांतले आहे.

चित्र दाखवून कथा सांगत फिरणाऱ्या लोकांचे जे प्राचीन उल्लेख आपल्या देशात सापडतात, त्यांतील एक महत्त्वाचा उल्लेख श्वेतांबर आगमांपैकी भगवती सूत्रात आहे. त्याच्या पंधराव्या शतकात, येथे शतक म्हणजे अध्याय, मंखलिपुत्र गोशालकाची हकीकत येते. गोशालक काही काळ भगवान महावीरांच्या सहवासात होता आणि पुढे दुरावला, हे आपणां सर्वांस माहीत आहे. त्याचा पिता मंखली हा 'मंख' होता. मंख म्हणजे हाती चित्रफलक घेऊन गावोगाव भिक्षा मागत फिरणारा. आणि या मुलाला गोशालक हे नाव का पडले? त्याचे आईबाप फिरत फिरत सरवण नावाच्या वस्तीत आले, राहावयास जागा मिळेना, म्हणून एका ब्राह्मणाच्या गोशाळेत उतरले आणि तेथेच त्याचा जन्म झाला. पिंगुळीच्या गोठ्यातील त्या भिंतीवरची चित्रे पाहताना मला ही कथा आठवली, तेव्हा मी स्वतःशीच हसलो. अडीच हजार वर्षांपूर्वीचा चित्र दाखविणारा गोठ्यात उतरला होता, आणि आजच्या चित्र दाखविणाऱ्यांनीही आपली चित्रे गोठ्यातच मांडली. ठाकर समाज त्या मंखांचा वंशज आहे असे मला मुळीच म्हणावयाचे नाही, तसा पुरावा नाही. व्यवसाय मात्र तोच.

दुसरा उल्लेख याहून मनोहर आहे. उद्द्योतनसूरींनी इ.स. 779 मध्ये जालोर येथे प्राकृतात 'कुवलयमाला' ही कथा पूर्ण केली. मराठी भाषेचा अभ्यास करणारे लोक हा ग्रंथ मोठ्या आदराने उघडतात, कारण बाजारात जमलेल्या निरनिराळ्या देशांच्या लोकांच्या बोलींचे नमुने त्यात दिले आहेत आणि त्यांत मरहट्ट लोकांची बोलही आहे. त्याच ग्रंथात एका राजपुत्राला संसारचक्राचा चित्रपट दाखविला जातो. कापडावर काढलेला मनुष्यलोक, नरकयातना, देवलोक, हे सारे बोटाने दाखवीत दाखवीत समजावून सांगितले आहे, आणि ते पाहून त्या राजपुत्राच्या मनात वैराग्य उत्पन्न होते. म्हणजे चित्रकथेचा उपयोग मनोरंजनापुरता नव्हता, वैराग्याच्या उपदेशासाठीही होत होता. या ग्रंथाचे शास्त्रशुद्ध संपादन कोणी केले? आपल्या घाटमाथ्यापलीकडच्या सदलग्याचे डॉ. आदिनाथ नेमिनाथ उपाध्ये यांनी. ते कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात अध्यापन करीत. त्यांच्या संपादनाचा पहिला भाग 1959 साली आणि दुसरा 1970 साली प्रसिद्ध झाला. आपल्या मुलांनी हे नाव विसरू नये असे मला कळकळीने वाटते.

आणि ग्रंथांपर्यंत तरी कशाला जावे? पर्युषणात कल्पसूत्राचे वाचन होते, त्या वेळी सचित्र पोथीतील पाने श्रावकांना दाखविण्याची प्रथा आहे. जन्मवाचनाच्या दिवशी त्रिशला मातेच्या चौदा स्वप्नांच्या प्रतिमा एकामागून एक आणल्या जातात. दिगंबर परंपरेत ती स्वप्ने सोळा. एका बाजूला शब्द आणि दुसऱ्या बाजूला आकृती, आणि दोहोंच्या मध्ये बसलेला श्रोता. पिंगुळीच्या देवळात समईपुढे बसलेला शेतकरी आणि उपाश्रयात बसलेला श्रावक यांची बैठक मला तरी फार निराळी दिसत नाही.

पश्चिम भारतातील जुन्या जैन पोथ्यांविषयी एक गमतीची गोष्ट मी चित्रकलेच्या तासाला सांगत असे. त्या आधी ताडपत्रावर लिहीत, पाने दोऱ्यात ओवण्यासाठी मधोमध भोक असे. पुढे कागद आला. कागदाला भोकाची गरज नव्हती, तरी लेखकांनी पान तसेच लांबट ठेवले आणि भोकाच्या जागी तांबडा ठिपका किंवा नक्षी काढली. हात जुनी सवय किती काळ जपतो पाहा.

आता त्या खूणगाठीविषयी. ती सांगितल्याविना मला संग्रहालयाविषयी बोलण्याचा अधिकार नाही.

सिंधुदुर्ग जिल्हा 1981 साली झाला. त्यानंतर दोन-तीन वर्षांतील ही गोष्ट. मी तरुण शिक्षक होतो, आणि मुंबईच्या कलाशाळेत शिकून आल्यामुळे आपणांस चित्रांतले फार कळते अशी माझी समजूत होती. मुंबईहून एक गृहस्थ आले. त्यांना जुन्या चित्रांचा शौक होता आणि कोणीतरी त्यांना माझे नाव सांगितले होते. त्यांना घेऊन मी ओळखीच्या एका वृद्ध कथेकऱ्याकडे गेलो. त्यांचे नाव मी सांगत नाही. आम्ही सारे त्यांना आबा म्हणत असू. आबांनी बासन सोडले, पोथी उघडली आणि पडवीत बसून सीताशुद्धीची कथा पाऊण तास गायिली. पाहुण्यांनी साऱ्या पोथीची किंमत विचारली. आबांनी नुसती मान हलविली. मग पाहुणे म्हणाले, "निदान एक चांगले पान तरी द्या." आबा माझ्याकडे पाहू लागले. मृगाला पंधरा दिवस राहिले होते, घराचे नळे परतावयाचे होते, हे मला ठाऊक होते आणि आबांनाही ठाऊक होते. मी म्हणालो, "आबा, एक पान गेल्याने काय होते? चांगल्या माणसाच्या घरी जपून राहील. येथे कसर लागून जायचेच आहे." दोनशे रुपयांना ते पान गेले. एका बाजूला अशोकवनात झाडावर बसून अंगठी खाली टाकणारा मारुती, आणि दुसऱ्या बाजूला ती अंगठी ओळखणारी सीता.

पुढच्या नवरात्रात मी एका देवळात आबांची कथा ऐकावयास बसलो. सीताशुद्धीच लागली होती. मारुती लंकेत उतरला, अशोकवन आले, आणि आबांनी वीणा थांबविली. रिकामा हात चित्र धरावे तसा श्रोत्यांपुढे धरला आणि शांतपणे म्हणाले, "ह्या पानार सीतामाय अंगठी वळखता. पान सध्या मुंबयक गेला हा." लोक हसले. आबाही हसले. तो सारा प्रसंग त्यांनी रिकाम्या हातानेच सांगितला आणि पुढचे पान उचलले. त्यांच्या बोलण्यात माझ्याविषयी राग नव्हता, आणि तेच मला अधिक लागले.

बऱ्याच वर्षांनी मुंबईस जाण्याचा योग आला, तेव्हा त्या गृहस्थांच्या घरी गेलो. पान खरोखरच जपलेले होते. सुरेख चौकटीत, काचेखाली, दिवाणखान्याच्या भिंतीवर. मारुती अंगठी टाकीत होता. मी म्हटले, "मागचे चित्र?" ते म्हणाले, "मागे चित्र आहे हे मी विसरूनच गेलो होतो." चौकट उलटी करून पाहिली, तर मागे तपकिरी कागद चिकटविलेला. मारुतीने टाकलेली अंगठी सीतेपर्यंत पोहोचली नव्हती. परत येऊन मी हे आबांना सांगितले. ते क्षणभर गप्प राहिले आणि म्हणाले, "गुरुजी, पाठची बाजू कोण बघतलो?"

या प्रश्नाने मला संग्रहालयांकडे पाहावयास शिकविले. मी संग्रहालयांच्या विरुद्ध बोलतो आहे असा गैरसमज नसावा. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात चित्रकथीच्या चित्रांचा मोठा संग्रह आहे. 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहिणाऱ्या डॉ. दिनकर गंगाधर केळकरांनी अडकित्ते, दिवे, दाराच्या चौकटी, बाहुल्या असे कोणी भंगारात टाकील ते सारे आयुष्यभर वेचले, आपल्या अकाली निवर्तलेल्या राजा नावाच्या मुलाच्या स्मरणार्थ त्याचे संग्रहालय केले आणि पुढे ते शासनाच्या स्वाधीन केले. वीस हजारांवर वस्तू, आणि त्यांतील सुमारे अडीच हजार तेवढ्या मांडता येतात. त्यांनी हे केले नसते तर कितीतरी चित्रे चुलीत गेली असती. आपल्याकडे तर जीर्ण झालेली चित्रे पाण्यात विसर्जन करण्याची चाल होती. त्यात भक्ती होती, पण चित्र जायचेच.

तथापि एक फरक आपण ओळखला पाहिजे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात बाहुबलींची एक लहानशी कांस्यमूर्ती आहे, सुमारे नवव्या शतकातील मानली जाणारी. अंगाला वेली वेढलेल्या, मुद्रेवर काही नाही, केवळ स्थैर्य. ती मूर्ती तिच्या मूळ स्थानापासून दूर आहे, पूजेत नाही, तरी काचेआड ती पूर्ण आहे. तिच्यापुढे उभे राहिले की आणखी काही सांगावे लागत नाही. चित्रकथीच्या पानाचे तसे नाही. ते अर्धेच असते. उरलेले अर्धे गाणाऱ्याच्या गळ्यात असते. मोठ्या संग्रहालयांत ही चित्रे बराच काळ 'पैठणी चित्रे' म्हणून ओळखली गेली, कारण ती पैठण भागातून मिळविली होती. जेथे मिळाली त्या गावाचे नाव लागले. ज्यांनी गायिली त्यांचे लागले नाही.

पिंगुळीच्या गोठ्याचे मोल मला येथे वाटते. तेथे काचेची कपाटे फार नाहीत, आर्द्रता मोजण्याची यंत्रे नाहीत. मुंबईच्या कोणा तज्ज्ञाने पाहिले तर तो दहा उणिवा काढील आणि त्या खऱ्या असतील. आपल्या कोकणातला पाऊस, भिंतीला येणारी ओल, वाळवी, कसर यांपुढे कागद किती टिकणार? पण त्या गोठ्यात भिंतीवरच्या चित्राला हात लावून तुम्ही विचारले, "हे काय?" तर उत्तर पाटीवर वाचावे लागत नाही. घरातील माणूस वीणा घेऊन बसतो आणि गातो. गंगावणे यांचे चिरंजीवही ही कला सादर करतात, शिकवितात. म्हणजे वस्तू आणि तिचा आवाज एकाच छपराखाली आहेत. भारतात अशी ठिकाणे थोडी असतील.

सावंतवाडीचे उदाहरण थोडे निराळे आहे. गंजिफा रंगविणारे चितारी एकेक करून गेले आणि शेवटी पुंडलिक चितारी हे वृद्ध कारागीर तेवढे राहिले. राजे शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी त्यांच्याकडून स्वतः ही कला शिकून घेतली आणि 1970 च्या दशकाच्या आरंभी राजवाड्यातच कारखाना सुरू केला. दशावतारी गंजिफेची 120 गोल पाने, दहा अवतारांची प्रत्येकी बारा. तो खेळ आज घरोघर कोणी खेळत नाही, पाने शोभेसाठी विकत घेतली जातात. तरी रंगविणारा हात राहिला. सत्त्वशीलादेवी 2018 साली निवर्तल्या, तेव्हा कारागिरांच्या घरचे माणूस गेल्यासारखे वाटले. मला स्वतःला खेळ गेला याची खंत आहे, पण हात राहिला हेही थोडके नाही.

चामड्याच्या बाहुल्यांविषयी मी आपणांपुढे बोलू की नको, असा विचार येण्यापूर्वी मनात येत होता. अहिंसेला परम धर्म मानणाऱ्या सभेत कातड्याच्या कलेची स्तुती करणे अवघड. पण लपवूनही उपयोग नाही. पूर्वी या बाहुल्या हरणाच्या कातड्याच्या करीत. कातडे तासून पारदर्शक करावयाचे, त्यावर आकृती कोरून रंग भरावयाचा आणि मागे दिवा ठेवून पडद्यावर छाया पाडावयाची. आंध्र, कर्नाटक, केरळ, ओडिशा येथेही छायाबाहुल्यांच्या अशाच परंपरा आहेत, महाराष्ट्रात ती पिंगुळीने सांभाळली. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हरणाच्या कातड्याचा प्रश्नच उरला नाही. संग्रहालयातील जुन्या बाहुल्या पाहताना आपणांपैकी कोणाला अस्वस्थ वाटले, तर ते स्वाभाविक आहे. ती बाहुली पाहू नये असे वाटल्यास शेजारच्या भिंतीवर लाकडाच्या कळसूत्री बाहुल्या आहेत. मात्र या एका कारणासाठी त्या दाराबाहेरून परत फिरू नये, एवढीच विनंती.

आता थोडे आपल्या घरांकडे वळू या. या किनाऱ्यावर आपला समाज संख्येने लहान, पण त्याची मुळे जुनी आहेत. खारेपाटणच्या जैन मंदिराची नोंद 1880 च्या रत्नागिरी जिल्हा गॅझेटियरात आहे. आपणांपैकी कोणाचे पूर्वज घाटावरून आले, कोणाचे कच्छ-सौराष्ट्रातून वा मारवाडातून व्यापारानिमित्त आले. त्यांच्याबरोबर काय काय आले असेल? एखादी हस्तलिखित पोथी, तीर्थाचा कापडी पट, लाकडी कोरीव देव्हारा, पोथीखाली ठेवावयाची ठवणी, तांबड्या बासनातल्या जमाखर्चाच्या वह्या. मालवण, वेंगुर्ले, देवगड या बंदरांतून कोणता माल कोठे गेला हे त्या वह्यांत असेल. आपणांस वाटते त्यात पाहण्यासारखे काय आहे? आबांनाही वाटत नव्हते की आपल्या पोथीत कोणा मुंबईकराला पाहण्यासारखे काही असेल.

जतनाची विद्या आपणांस मी शिकवावी असे नाही. ज्ञानपंचमीला वा श्रुतपंचमीला ग्रंथभांडारे उघडावयाची, पोथ्या बाहेर काढावयाच्या, झटकून पुसून नवी बासने बांधावयाची, ही रीत आपल्याकडे शतकानुशतके आहे. कार्तिक शुद्ध पंचमी म्हणजे पाऊस सरून हवा कोरडी होण्याचा काळ, तर ज्येष्ठ शुद्ध पंचमी म्हणजे पाऊस लागण्याच्या आधीची शेवटची संधी. एका पंथाने पावसाळ्याच्या अलीकडची तिथी धरली, दुसऱ्याने पलीकडची. दोन्ही पाळल्या तर कोकणातल्या पोथीला याहून चांगली व्यवस्था कोणता तज्ज्ञ सांगणार? विश्वस्त मंडळापुढे माझी सूचना एवढीच की येत्या ज्ञानपंचमीला प्रत्येक घराने माळ्यावरचे एक गाठोडे खाली काढावे आणि त्यात काय आहे याची यादी संस्थेच्या वहीत लिहून द्यावी. वस्तू संस्थेला देऊ नये, विकू तर मुळीच नये. यादी द्यावी. आणि वस्तूच्या नावापुढे, तिच्याविषयी जे घरातील वडीलधाऱ्या माणसाला ठाऊक आहे ते लिहावे. आजीला जे ठाऊक आहे ते सुनेला बहुधा अर्धे ठाऊक असते, आणि नातवाला त्यातले काहीच ठाऊक नसते. हे मी माझ्या घरातील अनुभवावरून सांगतो.

त्या मुंबईच्या गृहस्थांविषयी सांगावयाचे राहिले. आबा गेल्यानंतर काही वर्षांनी त्यांचे पत्र आले. त्यांनी चौकट उघडून मागचा तपकिरी कागद एका जाणकाराकडून सोडवून घेतला होता. डिंकाने सीतेच्या चेहऱ्याचा थोडा रंग गेला, बाकीचे चित्र वाचले. पान परत करावयाची त्यांची इच्छा होती. मी ते आणून आबांच्या मुलाच्या हाती दिले. त्याने बासन सोडले, अशोकवनाच्या जागी पान लावले आणि पोथी पुन्हा बांधली. तो कथा सांगत नाही, कुडाळला नोकरी करतो. त्याची मुलगी मात्र पिंगुळीला शिकावयास जाते असे ऐकले.

आपण सारे सहकुटुंब जेव्हा पिंगुळीला जाल, तेव्हा आधी कळवून, थोडा वेळ हाती ठेवून जावे. पावसाळ्यात गेल्यास ओल्या छत्र्या बाहेर पडवीतच ठेवाव्यात, आत कागद आहे. घाईने छायाचित्रे काढून परतू नये. एक पोथी उघडावयास सांगावी आणि पान फिरेपर्यंत बसावे.